खंबाटकीच्या अलीकडे

“वैजे, कुकर बंद कर आणि आईची फाईल काढ!”

दादा असा ओरडत घरात शिरला की मला वाटलं, गल्लीत कुणाचं तरी बरंवाईट झालं. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, हात कोपरापर्यंत काळे आणि कान-खांद्याच्या मध्ये धरलेला फोन. “हो मॅडम, हो मॅडम” एवढंच चाललेलं. “अरे, काय झालंय ते तरी सांगशील का?” मी म्हटलं. त्यानं फोनवर हात धरला.

“पुण्यात किडनी मिळालीय. आईला.”

कुकर मी बंद केला की नाही, मला आजही आठवत नाही. शेजारच्या मुल्लाणीचाचींनी मागनं येऊन केला म्हणे.

आईचं डायलिसिस सुरू होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. आप्पांना साखर, दादाचा रक्तगट जुळेना, माझी एक किडनी जन्मापासूनच बारकी. म्हणजे तिला द्यायला घरातलं कुणीच कामाचं नाही. म्हणून पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नाव घालून बसलो होतो. तिचे सगळ्यात जास्त हाल पाण्याचे. दिवसाला किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, आणि ते दुपारपर्यंतच संपायचं. मग उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसायची. “किडनी बसू दे गं एकदा,” म्हणायची, “तांब्या उचलणार आणि घटाघटा पिणार. कोण मोजतंय बघूच.”

फोनवरच्या मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं. दुपारी दोनच्या आत पेशंट पुण्यात पाहिजे. दुसऱ्या एका पेशंटलाही बोलावलंय. आईचे रिपोर्ट जास्त जुळतात, म्हणून पहिला हक्क तिचा. पण उशीर झाला तर थांबता येणार नाही, काढलेली किडनी वाट बघत बसत नाही. घड्याळात दहा वाजायला आले होते. कोल्हापूर ते पुणे, हायवेवर जागोजागी कामं निघालेली, साध्या गाडीला पाच तास धरायचे.

“मुल्लाणीची सुमो सांगतो,” आप्पा म्हणाले.

“सुमोनं तीन वाजतील आप्पा. माझी गाडी काढतो.”

“तुझी? ती रॉकेलवर चालणारी?”

“रॉकेल नाही ओ, इथेनॉल. किती वेळा सांगू?”

हे भांडण आमच्या घरात जुनं. दादाचं उद्यमनगरात गॅरेज होतं. धैर्यशील म्हटलं की शर्यतीच्या नादातली पोरं सांगली-बेळगावहून गाड्या घेऊन यायची. त्याची स्वतःची एक जुनी टर्बो गाडी होती, दिसायला अगदी सामान्य. तिच्या पुढच्या जाळीमागं त्यानं भलामोठा इंटरकूलर बसवला होता आणि तिला साखर कारखान्याच्या इथेनॉलवर चालवायचा. शर्यतीच्या क्लबाच्या परवान्यावर त्याचे निळे कॅन यायचे. आईला तो हे सगळं समजावून सांगत बसायचा आणि ती बिचारी डायलिसिसहून दमून आलेली असली तरी ऐकायची.

“टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते. तापलेली कमी मावते. मग ती आधी ह्या इंटरकूलरमधून फिरवायची, गार करायची, आणि मग आत सोडायची.”

“म्हणजे माझ्या मशीनसारखंच की रे,” आई म्हणायची. “बाहेर काढायचं, नीट करायचं, परत आत.”

“बरोब्बर! आणि इथेनॉल पेट्रोलपेक्षा गार आणि दमाचं. कितीही दाबा, अवेळी पेट घेत नाही. म्हणून हिला एवढं पळवता येतं.”

“आणि मायलेज?” आप्पा पेपरातून डोकं न काढता विचारायचे.

मायलेजचं नाव काढलं की दादा डोकं खाजवायचा. इथेनॉल जास्त लागतं, तिथं इलाज नव्हता. “सेटिंग जमू दे, इंटरकूलरनं तेही निघेल,” म्हणायचा. त्याचं स्वप्न होतं, कोल्हापुरातली प्रत्येक टॅक्सी उसावर चालवायची. आप्पा हसायचे. “पंपावरच्या पेट्रोलात पण आता तेच मिसळायलेत म्हणे. मग तू येगळं काय दिवे लावायलास?” दादा म्हणायचा, “त्यात दहात एक भाग असतो आप्पा. माझ्यात उलटं आहे.” पण आप्पांनी कधी दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेतलंय!

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं गाडी मारली, एकदाही ठोकली नाही, ह्याचा त्यांना भारी अभिमान. डेपोतून निघताना हवा, पाणी, डिझेल, ब्रेक स्वतः बघितल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावायचा नाही. कंडक्टर घंटी मारून दमायचे. दादाच्या गाडीचा तर त्यांना मनापासून तिटकारा, कारण इथेनॉलनं टाकीतला तरंगता गोळा खाल्ला होता आणि इंधनाचा काटा कायमचा शून्यावर पडलेला. दादा लिटर आणि किलोमीटर डोक्यात ठेवायचा. “काटा न्हाई ती गाडी कसली? ते तर भूत,” आप्पा म्हणायचे.

त्या सकाळी निकाल आईनं दिला. भिंतीला धरून उभी होती, लुगड्याच्या निऱ्या एका हातानं सावरत.

“धैर्याच्या गाडीनं जायचं,” ती म्हणाली. “त्यानं येवढं शिकवलंय मला त्या गाडीचं. बसून तरी बघू.”

दादाचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

आईला आधी नेऊन मागच्या सीटवर बसवली, कारण तिला चढायलाच वेळ लागायचा. दादा हात धुवायला पळाला, त्याला डायलिसिसच्या डॉक्टरांशीही बोलायचं होतं. मी फाईल, कपडे, तिची औषधं गोळा करत होते. तेवढ्यात आप्पांनी किल्ली उचलली. “लिंबं आणतो नाक्यावरनं, चाकाखाली द्यायला. हिला उकडायलंय, तेवढाच एसी लागंल,” म्हणाले आणि आईला घेऊनच गेले. आम्ही बाहेर येईपर्यंत परतलेसुद्धा. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा आईच्या हातात दिला. ती खोबरं खाऊ शकत नव्हती. तिनं तो पदराला बांधला.

दादानं दोन निळे कॅन डिकीत टाकले. “साताऱ्यापर्यंत टाकीत आहे. पुढं हे ओततो,” तो मला म्हणाला. आप्पा पुढच्या सीटवर पट्टा लावण्यात गुंतले होते.

शिरोली, किणी, पेठनाका. गाडी सुसाट होती. आई खिडकीतून बघत होती आणि मधूनच माझ्या मांडीवर थापटत होती. मी तिला इतकी खुशीत कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. “वैजू, परत येताना रस पिऊ,” ती म्हणाली. “दोन ग्लास. बर्फ घालून.”

“तीन पी,” दादा पुढून म्हणाला.

“तू रस्त्याकडं बघ,” आप्पा म्हणाले, पण आवाजात धार नव्हती. तेही खुशीत होते.

कऱ्हाडच्या अलीकडेच दादाची मान वाकडी व्हायला लागली. इंजिन ऐकताना तो असाच मान वाकडी करायचा. “ओढत नाही नीट,” तो पुटपुटला. धुराचा वासही वेगळा येत होता, थोडा उग्र. कऱ्हाड ओलांडल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि इंटरकूलरचे पाईप हातानं चाचपले.

“पाईप सुटला काय?” आप्पांनी काच खाली करून विचारलं.

“नाही. घट्ट आहे. गारही आहे.” दादा हात पुसत परत बसला. “मग काय झालंय हिला?”

“जरा हळू घे की रे,” आई म्हणाली.

“हळू घेतलं तर दोन गाठत नाही आई.”

तरी त्यानं हळूच घेतली. सातारा मागं पडेपर्यंत तो सपाट रस्त्यावरसुद्धा जपून पाय देत होता, हे मी मागून बघत होते. मध्ये पुलाच्या कामापाशी पंधरा-वीस मिनिटं अडकलो. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखं प्रत्येकजण दुसऱ्याच्या घड्याळाकडे बघत होता. कॅन ओतायला थांबायचं त्याच्या डोक्यात होतं, पण तो वेळ गेलाच होता. “घाटाच्या पलीकडं ओततो, तेवढं आहे,” म्हणाला.

सुरूर मागं टाकलं आणि खंबाटकीच्या बोगद्याकडे चढ सुरू झाला. चढाला दादाला पाय द्यावाच लागला. कढईत फुटाणे उडतात तसा आवाज आला. “ह्या आईला!” म्हणत दादानं पाय झटक्यात काढला. तोवर पुढून धाडकन काहीतरी आपटल्यासारखं झालं, गाडी थरथरली आणि मागची काच पांढऱ्या धुरानं भरून गेली. दादानं कशीबशी कडेला लावली. त्यानंतर स्टार्टर फिरत राहिला आणि इंजिन काही उठलं नाही.

आप्पा खाली उतरले, डोक्याची टोपी काढली आणि हायवेवर पळत जाऊन गाड्यांना हलवायला लागले. सत्तरीचा माणूस, चढावर, भर उन्हात. पण चढाला कोण थांबतं? ट्रक एकदा थांबला की पुन्हा उचलत नाही. हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी ते एकेका ट्रकमागं पळत होते. मी अँब्युलन्सला फोन लावला. तासभर लागेल म्हणाले.

दादा डिकीतून कॅन काढत होता. “टाकीत कमी पडलं असणार. चढाला पंपाला मिळालं नसेल,” तो स्वतःशीच बोलत होता. “ओततो. ओतल्यावर उठेल कदाचित.” त्यानं टाकीचं झाकण काढलं, नरसाळं लावलं, कॅन वाकडा केला.

अर्धा कॅनही रिता झाला नव्हता, तोच नरसाळं तुंबलं. बाकीचं बाहेर सांडलं, त्याच्या हातावर, बुटांवर, रस्त्यावर.

साताऱ्यापर्यंतच पुरणाऱ्या टाकीत आधीच निम्म्याच्या वर इंधन होतं.

दादानं टाकीच्या तोंडात एक चिंधी बुडवली आणि नाकाशी नेली. त्याचा चेहरा असा झाला की मी घाबरले.

“पेट्रोल आहे,” तो म्हणाला. “निम्म्याला निम्मं पेट्रोल मिसळलंय, वैजू. ही गाडी मी इथेनॉलच्या भरवशावर एवढी ताणून ठेवली होती. पेट्रोलला हा दाब सोसत नाही. ते आधीच पेटतं आणि पिस्टन फोडतं.” मग एकदम ओरडला, “टाकी कुणी भरली?”

मागच्या सीटवरून आई म्हणाली, “हळू बोल.”

आम्ही दोघं तिच्या दाराशी गेलो. ती घामानं निथळत होती, पदराचं टोक, ते खोबरं बांधलेलं, मुठीत धरून.

“ह्यांनी भरली,” ती म्हणाली. “नाक्यावर. काटा शून्यावर, आत तेल आहे का नाही कोण सांगणार म्हणाले. म्हणाले, पोरगं बिनतेलाची गाडी घेऊन निघालंय, ध्यान नाही त्याचं. मला काय ठाऊक रे? मला वाटलं, बरंच केलं.”

दादानं कपाळावर हात मारून घेतला. “आप्पा!” म्हणून वळला, तोच तिनं त्याचं मनगट पकडलं. त्या हातात, डायलिसिसच्या सुयांनी चाळण झालेल्या हातात, एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

“त्यांना सांगायचं नाही.”

“आई, अगं...”

“सांगायचं नाही म्हणते ना. मी आता काही दोनला पोचत नाही. ते कळतंय मला. माझं काय व्हायचं ते होईल. पण आपल्या हातानं बायकोचं असं झालं, हे त्या माणसाला सोसायचं नाही. विहीर जवळ करतील. ओळखते मी त्यांना.” ती दम घ्यायला थांबली. “गाडी तुझी आहे. बिघडली म्हण. ते शिव्या देतील, तू ऐकून घे. तू तरणा आहेस. तू सोसशील.”

“आणि त्यानं काय म्हणून सोसायचं गं?” मी म्हटलं. मला इतका संताप आला होता.

“वैजू, तू पण,” ती म्हणाली. “माझी शपथ आहे दोघांना.”

दादा खाली बघत होता. आप्पा धापा टाकत चढावरून परत येत होते, टोपी हातात, तोंड लालबुंद. आईनं मनगट सोडलं नव्हतं.

“बरं,” दादा म्हणाला आणि टाकीचं झाकण घट्ट लावून टाकलं.

“काय झालंय हिला?” आप्पांनी येऊन विचारलं.

“माझं चुकलं आप्पा,” दादा म्हणाला. “सेटिंग चुकलं माझं. इंजिन फुटलं.”

आप्पांनी त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन मारल्या, भर हायवेवर. बत्तीस वर्षांचा घोडा झालेला माझा भाऊ गाल धरून उभा राहिला. आई दुसरीकडे बघत होती.

शेवटी एका बेंजो पार्टीची ट्रॅक्स थांबली. पोरं लग्नाला निघाली होती, चकचकीत कोट घातलेली. त्यांनी ढोल मांडीवर घेतले आणि आईला आडवी व्हायला जागा दिली. बिचाऱ्यांनी जिवाच्या आकांतानं गाडी मारली. पण पुण्यात शिरलो तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. त्या मॅडम आम्हाला दारातच भेटल्या. कॉरिडॉरमध्ये एक माणूस फोनवर रडत होता, “मिळाली रे, हिला मिळाली, आत घेतलंय.” आप्पा त्याच्याकडे बघत राहिले आणि मग खुर्चीवर मटकन बसले.

परत येताना भाड्याची गाडी होती. वाटेत रसाचं गुऱ्हाळ दिसल्यावर आई म्हणाली, “थांबव.” मी म्हटलं, “आई, चालायचं नाही तुला.” ती म्हणाली, “आता काय राखायचंय?” ती दोन ग्लास प्यायली, बर्फ घालून. कुणी मोजलं नाही. त्या रात्री तिला दम लागला आणि ॲडमिट करावं लागलं. तेव्हा वाचली. तिचं नाव पुन्हा पुढं यायच्या आत, दिवाळीच्या तोंडावर गेली.

तिच्या तेराव्याला आप्पांनी पाहुण्यांसमोर दादाकडे बोट दाखवलं. “ह्यानं खाल्ली माझी बायको. ह्याच्या नादानं.” त्यानंतर ते त्याच्याशी सरळ कधी बोलले नाहीत. मध्ये मला घालायचे. “सांग त्याला, जेवायला ये.” “सांग त्याला, लाईट बिल भर.” दादानं गॅरेज मोडलं. इंटरकूलर, टर्बो, सगळं भंगारात घातलं आणि एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला उभा राहिला. लग्नाचं एक जमत आलेलं, तेही त्यानं नको म्हणून टाकलं. आप्पांना आंघोळ घालायचा, त्यांची नखं कापायचा, आणि कुणी घरी आलं की चहा देता देता तीच गोष्ट पुन्हा ऐकायचा. मी कितीदा म्हटलं, “दादा, सांगून टाकूया. शपथेला काय चाटायचंय?” तो म्हणायचा, “आता सांगून काय मिळणार? दोघांपैकी एक तरी झोपतोय ना.”

मला आईचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येणं फार वाईट, तो कुठं काढताच येत नाही. तिनं नवऱ्याला वाचवलं आणि पोराला देऊन टाकलं, असंच मला वाटतं. तिच्या फोटोला हार घालतानाही वाटतं.

गेल्या वर्षी आप्पांना चालताना दम लागायला लागला. दादानं आता एक बारकी जुनी गाडी घेतलीय, चाळिसाच्या वर जात नाही तो. हॉस्पिटलला निघालो. मी आणि आप्पा मागं. नाक्यावर आल्यावर आप्पांनी माझ्या हातावर टकटक केलं.

“सांग त्याला, आधी पंपावर घे. टाकी फुल्ल कर म्हणावं.”

काटा अर्ध्याच्या वर होता. हॉस्पिटल दोन चौकांवर. तरी दादानं मुकाट्यानं गाडी पंपावर घेतली. तोच पंप होता. आप्पा खिडकीतून त्या मशीनकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले.

“त्या दिवशी पण मीच फुल्ल करून दिली होती,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा काढलं. “हिथंच. तिला गाडीत बसवून आणली होती. काटा शून्यावर, आणि हा तसाच निघाला होता. मी म्हटलं, माझ्या बायकोला वाटेत काय कमी पडायला नको. ती हसली माझ्याकडं बघून.” त्यांनी टोपीनं डोळे पुसले. “माझ्याकडनं तिच्यासाठी काय कमी पडलं न्हाई. येवढं एकच समाधान हाय मला. सांग त्याला.”

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आरशात दादाचे डोळे माझ्यावर होते, आणि त्यानं अगदी थोडी मान हलवली. नाही म्हणून.

“होय आप्पा,” तो म्हणाला. “तुमच्याकडनं काही कमी नव्हतं.”

पंपावरचा पोऱ्या खिडकीशी वाकला. “किती टाकू, साहेब?”

“फुल्ल,” दादा म्हणाला.